आधी पट मांड, कॅमेरा मागाहून

वेंगुर्ले

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

‘गो’ हा काळ्या-पांढऱ्या खड्यांचा पटावरचा खेळ शिकवणाऱ्या व्हिडिओमालिकेचा तुझा आराखडा वाचला. चाळीस व्हिडिओ, पाच भाग, प्रत्येक भागाला वेगळा रंग. मेहनत घेतली आहेस हे दिसतं. पण पहिल्या व्हिडिओत चीनमधला इतिहास, दुसऱ्यात सगळे नियम, तिसऱ्यात मोजणी, आणि शिकणाऱ्याला पहिला डाव खेळायला मिळतो तो नवव्या व्हिडिओत! मालवणातल्या कुठल्या पोराला एवढा धीर आहे, सांग. इतिहास चांगलाच आहे, पण तो पाचसहा डाव हरून झाल्यावर गोड लागतो.

माझं म्हणणं एकच आहे. रेकॉर्डिंगला हात लावण्याआधी वाडीतली चारपाच पोरं गोळा कर आणि समोर बसवून शिकव. ती जिथे अडतील तोच तुझ्या धड्यांचा क्रम. घरात बसून हा क्रम लावता येत नाही, कारण तू आता एकअंकी क्यूपर्यंत पोचली आहेस (क्यू म्हणजे खेळाडूची पायरी, आकडा जेवढा लहान तेवढा खेळ पक्का) आणि ३० क्यूच्या, म्हणजे अगदी नवख्या माणसाला काय दिसत नाही ते तुला दिसेनासं झालंय. सगळ्याच शिकवणाऱ्यांचं असं होतं.

पहिली अडचण बहुधा अगदी साधी निघेल. बुद्धिबळ येणारं पोर खडा हमखास चौकोनात ठेवतं. त्यावर व्याख्यान देऊ नकोस. नवकंकरी किंवा वाघ-बकरीचा पट खडूने काढून दाखव. तिथेही रेघा जिथे मिळतात तिथेच खडा बसतो. तुझ्या आजीला हे खेळ येत असतील तर तिलाच कॅमेऱ्यासमोर बसव. अर्ध्या मिनिटात काम होईल, आणि पोरं तुझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतील.

मग पहिला धडा. पट ९ बाय ९ रेघांचा आणि जिंकायची अट एकच, समोरच्याचा एक खडा जो आधी पकडेल तो जिंकला. खड्याला रेघेने जोडलेल्या मोकळ्या जागा म्हणजे त्याचे श्वास. मधल्या खड्याला चार, कडेच्याला तीन, कोपऱ्यातल्याला दोन. सगळे श्वास बुजले की खडा उचलायचा. एवढ्या सामानावर खेळ सुरू होतो. जपानचे व्यावसायिक खेळाडू यासुतोशी यासुदा यांनी लहान मुलांसाठी हीच वाट रुळवली. पुढे एकाऐवजी पाच खडे पकडायची अट घाल आणि पास म्हणायची मुभा देऊ नकोस. मग बघ काय होतं ते. दोघंही सावध खेळू लागले की पकडापकडी थांबते आणि पटावर जागा उरत नाही. ज्याच्याकडे स्वतःची सुरक्षित मोकळी जागा कमी, त्याला आपल्याच घरात खडे भरावे लागतात आणि शेवटी तो मरतो. हे पोरांच्या ध्यानात आलं की ‘प्रदेश’, म्हणजे आपल्या खड्यांनी वेढलेली मोकळी जागा, हा धडा तुला शिकवावा लागत नाही, फक्त त्याला नाव द्यावं लागतं. तुझ्या आराखड्यात प्रदेश दुसऱ्या व्हिडिओत व्याख्या म्हणून आलाय. तिथून तो काढ.

खरी रखडपट्टी होते ती डाव संपवताना. ‘संपला का?’ हा प्रश्न नवशिक्याला जेवढा छळतो तेवढा दुसरा कुठलाच छळत नाही, आणि बहुतेक शिकवणारे इथेच घाई करतात. तू जपानी मोजणी घेतली आहेस. तिच्यात आपल्याच प्रदेशात उगाच खडा टाकला की एक गुण जातो. त्यामुळे हा जोडलेल्या खड्यांचा गट मेलेला (म्हणजे पकडला जाणारच असा) की जिवंत असा वाद पडला, तर पोरं खेळून बघायला घाबरतात. चिनी पद्धतीत पटावरचे जिवंत खडे आणि वेढलेली जागा दोन्ही मोजतात, म्हणून शंका आली की सरळ खेळून बघायचं, बाकीच्या जागा भरून झाल्या असतील तर नुकसान काही नाही. नवशिक्यांसाठी तीच घे. शिवाय ९ बाय ९ वर एकूण जागा ८१, म्हणजे सेकीसारखी, दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याला पकडता येत नाही अशी अडलेली जागा नसेल तर एकट्या काळ्याचं मोजलं तरी पुरतं. ४१ भरले की काळा पुढे. पहिली चाल काळ्याची असल्याने पांढऱ्याला भरपाई म्हणून कोमी देतात, पण ती पहिल्या दहा धड्यांत आणू नकोस. पुढे आणशील तेव्हा मोठ्या पटावर जपान-कोरियात साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात असते एवढं सांग, आणि तो अर्धा बरोबरी टाळायला असतो हेही.

जगणं-मरणं हा भाग तू चांगला लावलायस. वेढलेल्या गटाच्या पोटात सरळ तीन मोकळ्या जागा असतील तर मधली जो आधी घेईल त्याचं चालतं, सरळ चार असतील तर गट जिवंत, चौकोनी चार असतील तर मेलेला, हा क्रम तसाच ठेव. फक्त को, म्हणजे समोरच्याने नुकताच आपला खडा उचलला तर लगेच त्याचा उचलून तीच मांडणी परत आणायची नाही हा नियम, तिथून काढ. तो कोरडा सांगून कुणाला कळत नाही. दोन पोरं एकच खडा आलटूनपालटून उचलायला लागून भांडायला लागली, की ते भांडणच रेकॉर्ड कर.

आता मोबाइलबद्दल. तुझे प्रेक्षक पाचसहा इंची पडद्यावर बघणार, तेही अर्ध्या रेंजमध्ये. १९ बाय १९ च्या पटावर ३६१ जागा असतात. त्या पडद्यावर त्या मुंग्यांसारख्या दिसतील. म्हणून निदान पहिली दोन सत्रं छोटाच पट ठेव, नंतर १३ बाय १३ वर जा. कॅमेरा बरोबर डोक्यावर लाव. ‘इथे’, ‘तिकडे’ असं बोलू नकोस, खड्यावर खूण दिसू दे. प्रश्न विचारलास की दहा सेकंद गप्प राहा. तुझ्या नमुना व्हिडिओत तू प्रश्न विचारतेस आणि श्वासही न घेता उत्तर देतेस. बघणाऱ्याने विचार कधी करायचा? लांबी आठ मिनिटांच्या आत बसव. आणि पत्र्याच्या पडवीत पावसात रेकॉर्ड करू नकोस, एक अक्षर ऐकू येत नाही. माजघरात कर, नाहीतर पहाटे पाऊस थोपला की उरक.

पट विकत घेऊ नकोस. जपानी पट थोडा लांबट असतो, साधारण साडेपंचेचाळीस सेंटिमीटर बाय साडेबेचाळीस, कारण बसलेल्या माणसाला तो तिरका दिसतो आणि लांबी आखडल्यासारखी वाटते. तुझा कॅमेरा वरून बघणार, तेव्हा तुला अचूक चौरसच हवा. सुताराकडून प्लायवूडचा तुकडा कापून घे आणि रेघा स्वतः मार. खड्यांसाठी सावंतवाडीला चितारआळीत चौकशी कर. तिथे लाखकामाची लाकडी खेळणी होतात. काळ्या-पांढऱ्या चकत्या जमतील का ते विचार, पण चकाकी नको म्हणून सांग, नाहीतर दिव्याचा कवडसा व्हिडिओत येईल. जपानात उंची पांढरे खडे शिंपल्यातून कापतात हे तू कुठेतरी वाचलंयस आणि आता तिसऱ्यांच्या शिंपल्या साठवते आहेस, असं तुझी आई फोनवर म्हणाली. ते शिंपले फार जाड असतात गो. तिसऱ्या खाऊन टाक.

संगणकाबद्दल दोन शब्द. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणक प्रोग्रॅमने कोरियाचा नामांकित खेळाडू ली सेडोल याला ४-१ असं हरवलं, तेव्हापासून खेळच पालटला. पूर्वी घाईची मानली जाणारी कोपऱ्यातली ३-३ ची (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवरची) घुसखोरी आता डावाच्या सुरुवातीलाच दिसते. म्हणून तुझे जोसेकीचे, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरीव चालींचे, अकरा व्हिडिओ आत्ता करू नकोस. त्यातलं बरंचसं जुनं झालंय, आणि जे टिकलंय ते २० क्यूच्या पोराच्या उपयोगाचं नाही, ते पाठ करील आणि समोरच्याने दुसरीच चाल केली की बसेल बघत. काटागो हा गो खेळणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो, तो तू स्वतःच्या तयारीला जरूर वापर. दाखवलेलं उत्तर बरोबर आहे ना, एवढं त्याच्याकडून तपासून घे. पण तो दाखवतो ते जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के पडद्यावर आणू नकोस. तो चाल सांगतो, कारण सांगत नाही, आणि कारण सांगायलाच तर तू आहेस.

गणपतीला चाकरमानी येतील. आरती झाल्यावर पत्त्यांचे डाव बसतात, त्याआधी मुंबईच्या भावंडांपुढे पहिले तीन धडे लावून दे आणि तू स्वतः बाहेर जाऊन बस. खोलीत राहिलीस तर तोंड उघडशील. ‘थांब, परत लाव’ असं कुणी म्हटलं की व्हिडिओतली ती वेळ धाकट्याला वहीत टिपायला सांग. तीनदा थांबावं लागलं तर तो धडा दोन तुकड्यांत करायचा. वही आणि फाइल पेनड्राइव्हवर घालून कुणी वेंगुर्ल्याला येत असेल त्याच्याकडे दे. इथे पावसात एवढं मोठं काही डाउनलोड होत नाही.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
काका