चिखलदऱ्याच्या कॉफीला स्पेशालिटीचा भाव : बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

चिखलदरा परिसरातल्या बागायतदारांच्या बहुतेक प्रश्नांचा रोख सध्या एकच आहे. चिकमंगळूर-कोडगूची कॉफी ‘स्पेशालिटी’ म्हणून चढ्या भावाने जाते, मग आपली का जात नाही? त्यासाठी वेगळी जात लावायची का, असं एकाने विचारलं आहे. दुसऱ्याला पल्पर, म्हणजे फळाचा गर काढायचं यंत्र, घ्यायचं आहे. एका ताईंच्या बागेत झाडं उभ्या उभ्या वाळताहेत.

जातीचं आधी सांगतो. ‘स्पेशालिटी’ नावाची जात नसते. तज्ज्ञ कॉफी चाखून १०० पैकी गुण देतात, त्यात ८० किंवा अधिक मिळाले की ती स्पेशालिटी. शिवाय ३५० ग्रॅम हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांच्या नमुन्यात काळं किंवा आंबलेलं असं एकही बी चालत नाही आणि किरकोळ दोष पाचापर्यंतच चालतात. अरेबिका या कॉफीच्या प्रकाराला भारतात १,००० ते १,५०० मीटर उंची मानवते. आपलं चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या कडेला. उंचावर फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट भरतं. तो फायदा आपल्याला थोडाच मिळतो, म्हणून तोडणी आणि वाळवणीत सूट घेण्याची चैन आपल्याला परवडत नाही.

भाव बहुतेक वेळा तोडणीतच जातो. एकाच फांदीवर हिरवी, पिवळट आणि लाल फळं एकत्र असतात. मजूर मिळत नाहीत म्हणून आपण फांदी ओरबाडून सगळं एकदम उतरवतो. हिरव्या फळाच्या बीमुळे कॉफी तुरट लागते, अतिपक्व फळामुळे आंबूस वास येतो. जायफळ-वेलची घालून, दूध आटवून केलेल्या आपल्या घरच्या कॉफीत हे खपून जातं. खरेदीदार मात्र नुसतं गरम पाणी ओतून चाखतो. तेव्हा दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार तोडण्या करा. चिमटीत दाबल्यावर बी सहज बाहेर सटकलं की फळ तयार समजावं. मजुरी किलोवर देत असाल तर ओरबाडणं थांबणार नाही. रोजंदारी द्या, नाहीतर लाल फळांना किलोमागे जास्त पैसे द्या. तोडलेली फळं बादलीभर पाण्यात टाका आणि तरंगतील ती वेगळी काढा. पोचट आणि किडकी फळं बरीचशी तिथेच निघतात.

आता पल्पर. अर्ध्या-एक एकरासाठी तो घेऊ नका, असंच माझं मत आहे. गर काढून धुतलेल्या कॉफीला पाणी भरपूर लागतं, आणि पावसाळा एवढा जोराचा असूनही इथली पाणीटंचाई कुणाला नवी नाही. उलट दिवाळीनंतरची आपली कोरडी हवा फळं सालीसकट वाळवायला चांगली. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर जाळीचे मांडव करा, फळं पातळ पसरा आणि पहिले काही दिवस तासा-तासाला हलवा. शेणानं सारवलेल्या खळ्यावर पसरू नका, मातीचा आणि शेणाचा वास बीत उतरतो. सूर्य कलला की झाकून टाका, कारण इथलं दव वाईट. दोन ते तीन आठवड्यांत फळ वाळतं. बीतला ओलावा साधारण ११ टक्के आला की थांबा. ओलावामापक गटात मिळून एक घेतलात तरी पुरे.

गटाने पल्पर घेतलाच असेल तर तोडलेल्या दिवशीच गर काढा. चिकट बिया टाकीत २४ ते ३६ तास आंबवायच्या, पण घड्याळावर विसंबू नका, ऊन-थंडीनुसार वेळ बदलते. मूठभर बिया पाण्यात चोळा. निसरड्या न लागता खरखरीत लागल्या की लगेच धुवा. उशीर झाला तर आंबूस चव जात नाही. धुण्याचं पाणी ओढ्यात सोडू नका, ते आम्लयुक्त असतं. सालींचं कंपोस्ट करा.

ताईंच्या बागेतला प्रकार खोडकिड्याचा दिसतो. पानं पिवळी पडून झाड मलूल होतं, खोडावर वळ उठल्यासारखे उंचवटे दिसतात. पांढरा खोडकिडा हा अरेबिकाचा सर्वांत मोठा शत्रू. त्याचे भुंगेरे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाहेर पडून सालीच्या भेगांत अंडी घालतात, तेही ऊन लागणाऱ्या खोडावर जास्त. त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरमध्ये बाग फिरून वळ आलेली झाडं मुळासकट उपटून जाळा. सरपण म्हणून घरामागे रचून ठेवू नका, त्यातूनच भुंगेरे निघून परत बागेत जातात. उरलेल्या झाडांच्या खोडाची सुटी साल काथ्याने हलकेच घासून काढा, हिरव्या सालीला इजा नको. मग २० किलो चुना २०० लिटर पाण्यात कालवून, थोडं चिकट द्रव्य घालून खोडाला व जाड फांद्यांना लावा. आत शिरलेल्या अळीवर वरून फवारलेलं औषध पोचत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

हा किडा उन्हात फोफावतो, म्हणून सावलीची झाडं तोडू नका. पांगारा, उंबर, सिल्व्हर ओक, जे आहे ते ठेवा. जून महिन्यापूर्वी फक्त खालच्या फांद्या विरळ करा, म्हणजे हवा खेळेल आणि तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोगही कमी येईल. तांबेऱ्यासाठी पावसाआधी ०.५ टक्के बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असं फवारा.

फुलं येऊन गळतात, असंही एका भाऊंनी कळवलं आहे. कळ्या फुलायला मार्च-एप्रिलमध्ये २५ ते ४० मिलिमीटरचा एकच चांगला पाऊस लागतो. नुसता शिडकावा झाला तर कळी अर्धवट उमलून वाया जाते. पाणी असेल तर तुषार सिंचनाने तेवढं एकाच वेळी द्या आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा द्या. पाणी पुरणार नसेल तर थोडं थोडं देऊच नका.

नवीन लावणीसाठी चंद्रगिरी ही बुटकी जात पाहावी. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने ती २००७ मध्ये दिली. तांबेऱ्याला ती बरीच दाद देत नाही आणि खाली झुकणाऱ्या फांद्यांनी खोड झाकलेलं राहतं. फळ लागायला तीन-चार वर्षं जातात आणि साधारण सहा किलो फळांतून एक किलो तयार बी मिळतं, हा हिशेब आधी मांडून घ्या. घाटाखाली परतवाड्याकडे दोन एकरांत लावायचं विचारणाऱ्यांनी मात्र संत्र्यावरच राहावं. तिथल्या उन्हात अरेबिका टिकणार नाही.