बेस अ‍ॅम्पसाठी मुदत ठेव मोडावी का?

वाचकाचा प्रश्न : मी गोव्यात फोंड्याला राहतो, वय ३१. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत खासगी नोकरी आहे, हातात ३८,००० रुपये येतात आणि आई व मी मिळून घरखर्च ३०,००० होतो. सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. ऑक्टोबर ते मे या हंगामात ५५ कार्यक्रम मिळतात, प्रत्येकी ३,५०० रुपये. त्यातले २५ लग्नांचे व हॉटेलांतले आणि १० तियात्रांचे (कोकणी नाटकांचे) असतात. तिथे साउंडवाल्याची सोय असते. उरलेले २० शॅकवरचे, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींतले. तिथे आवाज मोठा करणारा माझा ४० वॉटचा घरगुती अ‍ॅम्प ड्रमपुढे ऐकूच येत नाही, म्हणून दर वेळी १,२०० रुपये देऊन भाड्याने अ‍ॅम्प आणतो. आता १,६५,००० रुपयांचा मोठा सेट घ्यावा असे मनात आहे. १,८०,००० च्या मुदत ठेवीतून ६५,००० काढायचे आणि उरलेले १ लाख दुकानातल्या वित्त कंपनीकडून २४ महिन्यांच्या हप्त्याने, १२ टक्के सपाट दराने घ्यायचे. त्याच दुकानात ७८,००० चा लहान सेटही आहे. बचत खात्यात ४५,००० आहेत. काय करावे? सेट घेतला तर कर वाचेल, असेही वाटते.

उत्तर : मोठा सेट घेऊ नये, ठेवीला हात लावू नये, आणि लहान सेट कर्ज न काढता या हंगामाच्या सुरुवातीला घ्यावा, असे माझे मत आहे. कारणे सविस्तर देतो, कारण तुमच्या पत्रातला हिशेब एका ठिकाणी घसरला आहे.

तुम्ही ५५ कार्यक्रमांकडे पाहून खरेदी ठरवत आहात. पण अ‍ॅम्प विकत घेतल्याने पैसे वाचणार आहेत ते फक्त शॅकवरच्या २० कार्यक्रमांचे, म्हणजे वर्षाला २४,००० रुपये. लग्नाच्या मंडपात किंवा रवींद्र भवनाच्या रंगमंचावर बेसचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचवतात ते साउंडवाल्याचे स्पीकर. तिथे तुमच्या मागे स्पीकरचे कितीही मोठे कपाट उभे असले, तरी ते तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावे एवढेच काम करते. आठ दहा-इंची स्पीकरांचे ते प्रसिद्ध कपाट ज्याच्यासोबत आले, तो अँपेग कंपनीचा ३०० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प १९६९ मधला आहे. त्या काळी मोठ्या मैदानांवरही साउंडवाल्याच्या स्पीकरांतून मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज जात असे आणि बेसवाल्याला स्वतःच्या बळावर मैदान भरावे लागे. ती गरज तुम्हाला नाही. ते कपाट देखणे असते हे मात्र मान्य करतो. मी स्वतः कॉलेजच्या दिवसांत लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवत असे, आणि त्याच्या निम्म्या आकाराचे, चार स्पीकरांचे खोके दोघांनी मिळून हॉलच्या जिन्यावरून चढवताना मधल्या वळणावर ते माझ्या पायावर टेकले, तेव्हाच त्या देखणेपणाचा मोह सुटला.

आता वॉटचा विचार करू, कारण दुकानात किंमत त्यावरच सांगितली जाते. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, पाच तारांच्या बेसवर तो ३१ च्या आसपास उतरतो; एवढे खालचे सूर मोठ्याने आणि न फाटता वाजवायला गिटारपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते, म्हणून तुमचा ४० वॉटचा अ‍ॅम्प शॅकवर हरतो यात नवल नाही. परंतु वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट शक्ती लागते. म्हणजे ४० वरून ४०० वॉटवर जाणे ही खरी उडी आहे, आणि ४०० वरून ८०० वर जाणे म्हणजे पुष्कळ पैसे देऊन घेतलेला थोडासा फरक. शिवाय तेवढ्याच शक्तीवर एक कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे खोके, दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबल जास्त आवाज देत असेल, तर ते फुकटात दुप्पट वॉट मिळाल्यासारखे आहे. तेव्हा दोन कॅबिनेट एकाच हेडला (शक्ती देणाऱ्या यंत्राला) आलटून पालटून जोडून ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि ऐकताना जाड तार वाजवा. दुकानात सगळे वरच्या तारांवर बोटे नाचवतात आणि फसतात.

तुमच्या ७८,००० च्या सेटमध्ये दोन-अडीच किलोचे क्लास डी जातीचे हलके हेड आणि बारा इंची एका स्पीकरचे ८ ओहमचे कॅबिनेट आहे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप). हेडवर ५०० वॉट लिहिलेले आहेत ते ४ ओहमवरचे. ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर त्यातले निम्मे किंवा निम्म्याहून थोडे जास्त मिळतील. हे ऐकून निराश होऊ नका, कारण माझ्या दृष्टीने याच गोष्टीत या खरेदीचे शहाणपण आहे. पुढे एखाद्या हंगामात कमाई चांगली झाली तर ८ ओहमचे दुसरे, शक्यतो त्याच कंपनीचे कॅबिनेट घेऊन जोडावे. दोन्ही मिळून ४ ओहम होतात, हेड पूर्ण शक्तीने चालते आणि स्पीकरचा पृष्ठभागही दुप्पट होतो. याउलट आज ४ ओहमचे कॅबिनेट घेतलेत आणि उद्या तसेच दुसरे जोडलेत, तर २ ओहम होतील. बहुतेक हेड ४ च्या खाली चालवायची नसतात, आणि मग तो दुरुस्तीचा खर्च माझ्या पुढच्या उत्तरात येईल. शिवाय कॅबिनेट शॅकवरच्या २० कार्यक्रमांतच कामाला येईल, पण हेड पाठीवरच्या पिशवीत घालून तुम्ही सगळ्या ५५ ठिकाणी नेऊ शकता आणि त्याच्या डीआयमधून (मिक्सरसाठीच्या जोडणीतून) थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडू शकता, म्हणजे तुमचा सूर सगळीकडे तुमचाच राहील. म्हणून दोन्हींपैकी एकावर पैसे जास्त घालायचेच असतील, तर ते हेडवर घालावेत.

आता दोन्ही सेटचा पाच वर्षांचा हिशेब मांडू. त्यात शॅकचे १०० कार्यक्रम येतात. लहान सेट ७८,००० चा, पाच वर्षांनी त्याचे ३०,००० येतील असे धरू, आणि जॅक, फॅन, वायर, एखादी दुरुस्ती यांसाठी १०,००० धरू. निव्वळ खर्च ५८,०००, म्हणजे दर कार्यक्रमाला ५८० रुपये. मोठा सेट १,६५,००० चा, परतीचे ६५,००० धरले, दुरुस्तीचे १५,००० आणि कर्जाचे व्याज २४,००० मिळवले, तर निव्वळ खर्च १,३९,००० होतो, म्हणजे दर कार्यक्रमाला १,३९० रुपये. तुम्ही आज भाडे १,२०० देता. म्हणजे मोठा सेट घेऊन तुम्ही भाड्यापेक्षा महाग पडणारी वस्तू पाच वर्षे स्वतः उचलत राहाल, आणि मोडलेल्या ठेवीचे बुडालेले व्याज यात मी अजून धरलेलेच नाही.

कर्जाबद्दल वेगळे सांगावे लागेल. १२ टक्के सपाट दर ऐकायला बरा वाटतो, पण त्यात व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण एक लाखावर लागते, आणि मुद्दल मात्र तुम्ही दर महिन्याला फेडत असता. हप्ता ५,१६७ रुपये येईल, आणि घटत्या शिलकीवर मोजला तर तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. दुकानदार हे सांगणार नाही. वित्त कंपनीकडून वार्षिक प्रभावी दर लेखी मागा, म्हणजे आकडा तिलाच लिहावा लागेल. त्यातच तुमचे उत्पन्न हंगामी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शॅक बंद, लग्ने तुरळक. त्या चार महिन्यांत पगारातून उरणाऱ्या ८,००० मधून हप्ता दिल्यावर २,८३३ रुपये हातात राहतात, आणि त्याच काळात चतुर्थी येते. माटोळीपासून (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छतापासून) फटाक्यांपर्यंतचा खर्च २,८३३ मध्ये भागवणारे घर मी गोव्यात अजून पाहिलेले नाही.

मुदत ठेव सध्या तुमच्या घरखर्चाच्या बरोबर सहा महिन्यांइतकी आहे. ती जेवढी हवी तेवढीच आहे, जास्त नाही. त्यातून ६५,००० काढले आणि हप्ता जोडला, तर नोकरी गेल्यास उरलेले १,१५,००० सव्वातीन महिने पुरतील. वर मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कमी करते ते वेगळेच.

मग पैसे आणायचे कुठून? बचत खात्यातले ४५,००० आणि जून ते सप्टेंबर दरमहा ८,००० असे ७७,००० होतात. चतुर्थीचे दहा हजार वजा करा. उरलेली तूट ऑक्टोबरच्या पगारातून आणि हंगामाच्या पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांतून भरून निघेल आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुम्ही रोख किमतीवर घासाघीस करण्याच्या स्थितीत असाल. तोवर दोन-तीन वेळा भाडे द्यावे लागले तर ३,६०० रुपये जातील, जे कर्जाच्या एका हप्त्यापेक्षा कमी आहेत.

जुना सेट मिळाला तर हिशेब आणखी सुधारतो, आणि आपल्याकडे तो मिळण्याचा एक खास मार्ग आहे, तो म्हणजे बोटीवर नोकरी करणारे तारवटी. त्यांच्याकडचे सामान चांगले असते. मात्र हेडच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेत घेतलेले हेड केवळ १२० व्होल्टचे असू शकते आणि आपल्या २३० व्होल्टवर लावले तर क्षणात जळते. ट्रान्सफॉर्मर घेतला तर हलक्या हेडचा सगळा फायदा त्या लोखंडाच्या वजनात जातो. काही हेड दोन्ही व्होल्टेजवर चालतात, तसे पट्टीवर लिहिलेले असते. कॅबिनेट घेताना जाड तार मोठ्याने वाजवून खरखर ऐका, प्रत्येक जॅक हलवून पाहा आणि डीआयची वायर खरोखर मिक्सरला लावून तपासा. समुद्रकाठी वापरलेल्या सामानाचे जॅक खारट हवेने हिरवट पडलेले असतात; ते बदलता येतात, पण किंमत उतरवून घ्यायला ते उत्तम निमित्त आहे.

‘कर वाचेल’ असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते तुमच्या बाबतीत लागू नाही. पगार आणि कार्यक्रम मिळून तुमचे उत्पन्न साडेसहा लाखांच्या आत आहे, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरतच नाही; मग अ‍ॅम्पवरचा घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) दाखवून वाचवणार काय? उलट हॉटेलांनी तुमच्या मानधनातून टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागा. कित्येक वादक हे पैसे वर्षानुवर्षे तसेच सोडून देतात.

शॅकवर रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हे ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याआधीही शेजारच्या हॉटेलातून तक्रार येते ती बहुधा बेसचीच, कारण खालचे सूर भिंती ओलांडून दूर जातात. म्हणून कॅबिनेट वाळूवर न ठेवता बिअरच्या रिकाम्या क्रेटवर, कानाच्या दिशेला किंचित कलते ठेवा. तुम्हाला स्वतःचे वाजवणे कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येईल आणि वाळूही आत जाणार नाही. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये स्पीकरचीच जाड वायर वापरा, गिटारची नव्हे. गिटारची वायर दिसायला तशीच असली तरी एवढा प्रवाह झेलण्यासाठी ती केलेली नसते. ही वायर ७८,००० मध्ये धरलेली आहे का, हे दुकानात विचारून घ्या, आणि पावतीवर हेडचा सिरियल क्रमांक लिहून घ्या.