पागेतली पत्रं : नव्या माणसाच्या हातात आधी खरारा द्या

प्रश्न : ताई, आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी हिंगणा रोडच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर जमतो. दोन घोड्या आणि एक घोडा आहे. चाबकाचा धाक न घालता, घोड्याची देहबोली ओळखून त्याच्याबरोबर काम करायचं, म्हणजे ज्याला नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात ते, आम्ही शिकतो. नवीन लोक हौसेने येतात. आम्ही सगळ्यांशी ओळख करून देतो, सात खेळ समजावून सांगतो, शेवटी तर्री-पोहे होतात. तरी तिसऱ्या रविवारी माणूस येत नाही. दिवाळीपासून नऊ जण आले, टिकली एक. आमचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पोह्यांत नाही, एवढं नक्की.

‘सात खेळ समजावून सांगतो’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्याच रविवारी? पॅट पॅरेली या अमेरिकन प्रशिक्षकाने बसवलेले, जमिनीवर उभं राहून घोड्याबरोबर करायचे ते सात खेळ, फ्रेंडली, पॉर्क्युपाइन, ड्रायव्हिंग, यो-यो आणि पुढचे तीन, मला पाठ व्हायला अख्खा पावसाळा लागला होता. साइडवेज तर अजूनही माझ्यापेक्षा माझ्या घोडीलाच चांगला येतो. नवा माणूस पहाटे पाचला उठून आलेला असतो, नव्याकोऱ्या बुटाला लीद लागलेली असते, समोर चारशे किलोचं जनावर फुरफुरत असतं, आणि बारा जण बारा बाजूंनी त्याला इंग्रजी शब्द शिकवत असतात. घोड्याभोवती असे बारा जण उभे राहिले असते तर तुम्हीच ओरडला असता, ‘अरे, मागे सरका, श्वास घेऊ द्या त्याला!’

पण गर्दी हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं सांगायला मला आमच्याच गटाची एक जुनी चूक उकरून काढावी लागेल.

पोस्टातून रिटायर व्हायच्या बरीच वर्षं आधी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी हे शिकायला लागले. आमच्याकडे तेव्हा कामठीकडचा एक माणूस आला. वरातीच्या घोड्या पाळायचा. त्याच्या मुलीने मोबाइलवर दोरीविना घोडा मागे मागे चालताना पाहिला होता, म्हणून बापाला घेऊन आली. येताना तो आपला लगाम सोबत घेऊन आला, लोखंडी कडीचा. झालं! आम्ही सगळे तुटून पडलो. ही कडी जिभेवर कशी दाबते, जबडा कसा दुखतो, ही हिंसा कशी आहे. सगळ्यांत जास्त मी बोलले. आमचे आजोबा इतवारी स्टेशनला टांगा लावायचे. त्यांच्या चाबकाची लाज मी त्या बिचाऱ्यावर काढत होते हे मला फार उशिरा कळलं. (आजोबांचा चाबूक बहुतेक वेळा हवेतच वाजायचा. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की घोड्याच्या माथ्यावर ओलं गोणपाट टाकल्याशिवाय ते स्वतः पाणी प्यायचे नाहीत. हेही मला उशिराच आठवलं.) तो माणूस काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी कुंपणापाशी उभा राहिला आणि गेला.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आमची घोडी गौरी कुटार सोडून उभी राहिली. पुढच्या पायाने जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडे बघायची, बसायची, पुन्हा उठायची. पोटशूळ. डॉक्टर उमरेडला गेलेले, यायला दीड तास तरी लागणार होता. फोनवर त्यांनी चारा काढून घ्या, लक्ष ठेवा, म्हणून सांगितलं. आम्ही सात खेळ येणारे सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. वहीत त्या कामठीवाल्याचा नंबर होता. लावला. अर्ध्या तासात तो स्कूटरवर हजर.

आल्या आल्या त्याने तिच्या कुशीला कान लावला. दोन्ही बाजूंनी. ‘बाई, आवाज नाही येऊन राहिला आतून. लोळू देऊ नका तिले.’ मग दोरी हातात घेऊन हळूहळू चालवायला लागला. घोड्याला उलटी होत नाही. पोटात अडकलेला वायू वर यायला वाटच नसते, म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालतात. आमच्याही डॉक्टरांनी आल्यावर तेच केलं, इंजेक्शन दिलं आणि गौरी वाचली. पण डॉक्टर येईपर्यंतचा तो तासभर मी विसरत नाही. तो माणूस तिच्या खांद्याशी चालत होता आणि दोरी ढिली होती. तिने गुडघे दुमडायचा विचार केला की याचा हात वीतभर वर जायचा. ती सावरली की त्याच क्षणी हात खाली. कुठे ओढाताण नाही, आवाज नाही.

दाब द्यायचा, आणि घोड्याने योग्य दिशेला नुसता प्रयत्न केला तरी तो तत्काळ सोडायचा. घोडा शिकतो ते दाबाने नाही, सोडण्याने. आम्ही फळ्यावर खडूने लिहून शिकवत होतो ते हेच. त्याच्याकडे त्याला नाव नव्हतं, एवढंच.

तसं पाहिलं तर ही विद्या मुळात कुठून आली? टॉम डॉरन्स (१९१०–२००३) हा अमेरिकेतल्या ऑरेगनचा, गुराढोरांच्या रँचवर वाढलेला माणूस. रे हंट त्याच्याकडून शिकला आणि गावोगाव शिकवत फिरला. दोघेही पोटासाठी रोज घोड्यावर बसणाऱ्यांतले. म्हणजे कामठीच्या त्या घोडीवाल्याचेच भाऊबंद. आणि आम्ही त्याला हिंसेवर व्याख्यान देत होतो!

मी त्याला गटात परत बोलावलं. ‘लग्नसराई आहे’ म्हणाला. लग्नसराई होतीच, पण कारण ते नव्हतं. फोन केला तर आजही येतो. रविवारी मात्र येत नाही.

तेव्हापासून आम्ही नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो : ‘घरी जनावर होतं का?’ कोणी बैल सांगतो, कोणी कुत्रं, एका बाईंनी चोवीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. त्यांना घोड्याची नाडी कुठे लागते एवढं फक्त दाखवावं लागलं. जबड्याच्या कडेखाली बोटं ठेवली आणि पाऊण मिनिटात म्हणाल्या, ‘छत्तीस.’ (शांत उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते.) त्या दिवसापासून नाडीची वही त्यांच्याकडे. त्या आता आम्हाला शिकवतात.

दुसरं म्हणजे नव्या माणसामागे एकच जुना माणूस. बाकीच्यांनी नमस्कार करून आपापल्या कामाला लागायचं. चूक दिसली तरी त्या एकानेच सांगायची, तीही दुखापत होण्यासारखी असेल तर लगेच. नाहीतर पुढच्या रविवारी. तुमच्यात कोणी मास्तर असतील तर त्यांना हे जड जाईल, आमच्या मास्तरांना अजून जातं. आणि पहिल्या दिवशी हातात दोरी नाही, घोड्याचं अंग घासायचा खरारा द्या. खरारा करताना माणसाला बोलावं लागत नाही, कोणी बघतंय असं वाटत नाही आणि घोड्याला कुठे आवडतं, कुठे नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. मध्येच थांबून बाजेवर जाऊन बसला तर बसू द्या. ‘काय झालं, काय झालं’ करत मागे जाऊ नका.

तो फळा मात्र झाकून ठेवा. महिनाभर तरी.

प्रश्न : आमच्या गटात येऊ इच्छिणारे एक जण स्वतःचा घोडा आणणार आहेत. सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलाय, दिसायला तंदुरुस्त आहे. आमच्या घोड्यांत लगेच सोडला तर चालेल?
– एक वाचक, कोराडी रोड

उत्तर : नाही. माणसाला चहा द्या, घोड्याला थांबवा. आधी सरकारी पशुवैद्यकांकडून रक्ताचा नमुना घेऊन ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून घ्या; हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाचं काम बघतं. हा रोग माणसालाही होतो. बाधित घोड्यावर उपचार करत नाहीत, कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं, म्हणून इथे भिडस्तपणा नको. अहवाल येईपर्यंत आणि नंतरही मिळून तीनेक आठवडे घोडा दूर ठेवा. बादली, तोबरा, खरारा त्याचा वेगळा, शक्य तर मोतद्दार, म्हणजे त्याची देखभाल करणारा माणूसही वेगळा. मग काही दिवस कुंपणाच्या आडून ओळख. मालक रागावला तर माझं नाव सांगा.

प्रश्न : मी ५४ वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. भावाच्या वरातीत फटाक्यांनी घोडी उधळली, तेव्हापासून भीती बसली आहे. तरी घोड्यांजवळ जावंसं वाटतं. अशा गटात गेले तर लोक हसतील का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : हसले तर दुसरा गट शोधा. पण बहुधा हसणार नाहीत, कारण अर्ध्या जणांचं तुमच्यासारखंच असतं, ते सांगत नाहीत इतकंच.

त्या वरातीत घाबरलेल्या तुम्ही दोघी होतात, तुम्ही आणि घोडी. घोडा हे भक्ष्य होणारं जनावर, त्याचं शहाणपण पळण्यात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे तेवढं दिसत नाही. आपल्याकडे ‘अफसर के अगाड़ी, घोड़े के पिछाड़ी’ उभं राहू नये म्हणतात, त्यातलं घोड्याचं एवढ्याचसाठी. (अफसरच्या अगाडीचं बँकेतल्या बाईला मी काय सांगणार!) म्हणून जायचं ते खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत बोलत. कान तुमच्याकडे वळले की तुम्ही आलात हे तिला कळलं. कान मागे चिकटले तर थांबा. पहिल्या दिवशी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून नुसते कान बघत बसलात तरी खूप झालं, आणि कोणी ‘चला, बसा वर’ म्हणून आग्रह केला तर खुशाल नाही म्हणा.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, पागेत लागतंच. बंद बूट घाला, चपला नकोत. उन्हाळ्यात सातच्या आत पोचा. आणि ओढणी घरी ठेवून या. आमच्या गौरीने गेल्या महिन्यात एकीची नवी चंदेरी निम्मी चावून खाल्ली, आणि भरपाई मला द्यावी लागली.