मांडणी घरीच करावी का? ४४ हजारांचा अंदाज आणि अंगणातला जुना साग

प्रश्न आहे आर्णी तालुक्यातल्या एका गावातल्या ताईंचा. जुनं कवेलूचं घर उतरवून त्यांनी विटांच्या दोन खोल्या बांधल्या. सामानाच्या खोलीत एका भिंतीला ९ फुटांची मांडणी, म्हणजे सामान ठेवायला फळ्यांचा रॅक, हवी आहे. सुतार नवा साग, प्लाय, सनमायका, पल्ले (दारं) धरून ४४,००० रुपये सांगतो. जुन्या घराचे सागाचे फाटे (वासे) आणि मयाली (तुळया), साधारण २० घनफूट, अंगणात पडून आहेत आणि व्यापारी सगळ्याचे १५,००० देतो. मुलगा आयटीआयचा फिटर, तो म्हणतो घरीच करू. तूर-सोयाबीनचे १,१०,००० खात्यात आहेत, जिल्हा बँकेचं ९०,००० पीककर्ज बाकी आहे. कमी पडले तर बचत गटाकडून महिना २ टक्क्यांनी घ्यावेत का, असंही विचारलं आहे.

ताई, घरीच करा, पण निम्मीच, आणि बँकेत पैसे भरल्यानंतर. खात्यात १,१०,००० दिसत असले तरी खर्चायला तुमच्याकडे २०,००० आहेत. केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. तारीख चुकली की सवलत गेली. ७ टक्क्यांनी ९० हजारांचं वर्षाचं व्याज ६,३०० होतं, आणि थकबाकीत नाव गेलं तर जूनमध्ये नवं कर्ज अडतं ते वेगळंच. नेमकी तारीख गावच्या सोसायटीच्या गटसचिवांकडून लिहून घ्या. बचत गटाचं विचारलंत, तर महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४. ४४,००० उचलले तर पहिल्याच महिन्याचं व्याज ८८० रुपये. दवाखान्यासाठी घ्यावं लागलं तर घ्यावं, मांडणीसाठी नाही.

आता लाकूड. ते फुकट आहे असं तुम्ही धरलं आहे, पण व्यापारी १५,००० देतोय म्हणजे घनफुटाला ७५० रुपये किंमत त्याला आहेच. या कामाला ३ घनफूट लागेल, म्हणजे २,२५० रुपये हिशेबात धरायचे. तरीही सगळा ढीग त्या भावात देऊ नका. सुतारानंच अंदाजात नव्या सागाला घनफुटाचे ३,२०० लावल्याचं तुम्ही कळवलं आहे. जुन्या मयालीत गाभा जास्त असतो आणि ती इतक्या वर्षांत पूर्ण वाळलेली असते.

कापायला नेण्याआधी प्रत्येक दांडा ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत उधई (वाळवी) आहे, तो चुलीला. कडेचा फिकट पांढरा भाग, ज्यात भुंगा लागतो, तो छाटून टाका. खिळे एकूणएक उपटा, कारण आरा मशीनचं पातं खिळ्यावर गेलं की मशीनवाला पात्याचे पैसे मागतो आणि त्याचं चुकत नाही. साग गाडीत भरण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. जुन्या घराचा माल असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ असलेला बरा.

खरा पैसा वाचतो तो प्लायच्या मापात. शीट ८ बाय ४ फुटांची, १८ मिलिमीटर जाडीची घ्यायची. फळीची खोली १५ इंच ठेवली तर ४ फुटांच्या रुंदीत तीन पट्ट्या निघतात. आता खणाची, म्हणजे दोन चौकटींमधल्या जागेची, लांबी बघा. मुलानं काढलेल्या आकृतीत ती ३ फूट आहे. ९६ इंचांच्या पट्टीत ३६ इंचांच्या दोनच फळ्या बसतात आणि २४ इंचांचा तुकडा वाया जातो, म्हणजे एका शीटमध्ये सहा फळ्या. खण साडेएकतीस इंचांचा करा, तर पट्टीत तीन आणि शीटमध्ये नऊ. तीन खण, सहा थर, एकूण १८ फळ्या दोन शीटमध्ये पुऱ्या होतात, तिसरी शीट लागत नाही. चार चौकटींचे दोन-दोन इंच धरून मांडणीची लांबी ८ फूट साडेसहा इंच येते, भिंतीला पुरेशी. शिवाय फळीभर सारख्या पसरलेल्या भारानं ती किती वाकते हे लांबीच्या चौथ्या घातावर (लांबी चारदा गुणून) असतं, त्यामुळे एवढ्याशा फरकानं वाक सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. दोन शीटमधून उरलेल्या अडीच इंची पट्ट्यांचे सहा तुकडे होतात. ते खालच्या दोन थरांतल्या सहा फळ्यांच्या पुढच्या कडेखाली उभे चिकटवा, म्हणजे फळी तिथे लवत नाही. पट्ट्या दुकानातच कापून घ्या, घरच्या आरीनं ८ फुटांची सरळ रेघ येत नाही.

खोली कोरडी असेल तर आयएस ३०३ चा (हा शीटवर छापलेला भारतीय मानकाचा क्रमांक) प्लाय चालतो. आयएस ७१० न्हाणीघराला लागतो, इथे त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

सागाचे २ बाय २ इंची आठ पाय, प्रत्येकी साडेसहा फूट. पुढचा आणि मागचा पाय दीड बाय एक इंची आडव्या पट्ट्यांनी जोडला की शिडीसारखी चौकट होते, अशा चार. मधल्या चौकटींना दोन्ही बाजूंनी पट्ट्या लागतात, म्हणून एकूण ३६. पहिली फळी जमिनीपासून ६ इंचांवर, मग १८, १५, १४ आणि शेवटी दोनदा १२ इंच. १८ इंचांत तेलाचा १५ किलोचा पिपा हात घालून सहज निघतो. पट्ट्यांना २ इंची आठ नंबरचे ७२ स्क्रू, फळ्यांना दीड इंची ७२. जुना साग कडक असतो. ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडलं नाही तर पट्टी तडकते किंवा स्क्रूची खाच झिजते.

अशी मांडणी मोडत नाही, आडवी झुलते आणि एके दिवशी बसते. म्हणून मधल्या खणामागे फुलीसारख्या दोन तिरप्या पट्ट्या मारा आणि वरच्या टोकाला भिंतीत एल-पट्टी लावा. भिंत विटांची आहे, रावल प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायची गुटी) धरेल. पायांखाली फरशीचे तुकडे, आणि भिंतीपासून दोन इंच अंतर, म्हणजे उधईची मातीची नळी चढताना दिसते आणि झाडूनं मोडता येते. शेतातलं कीटकनाशक या खोलीत फवारू नका, तिथे धान्य राहणार आहे.

तुम्ही कळवलेल्या भावांनी: प्लाय ९५ रुपये चौरस फूट, दोन शीटचे ६,०८०. आरा मशीन १,२००, स्क्रू-गोंद-तेल १,४००, गाडीभाडं ६००. मुलगा ३,७०० ची ड्रिल आणि हत्यारं घ्या म्हणतो. त्याऐवजी गावचा सुतार दोन दिवस, ९०० रोजानं, त्याच्या हत्यारांसकट बोलवा. चौकटी काटकोनात बसवणं हेच अवघड काम, बाकी मुलगा करेल. असे ११,०८० होतात, लाकडाची किंमत धरून १३,३३०. ४४,००० शी ही सरळ तुलना नाही, त्यात पल्ले आणि सनमायका आहे. पण सामानाच्या खोलीला पल्ले हवेतच कशाला? पावसाळ्यात ते फुगतात आणि मागे उंदीर झाला तरी कळत नाही.

आत्ता एकच शीट घ्या. चौकटी पूर्ण उंचीच्या करा, पण तीनही खणांत खालचे तीन थर बसवा. खर्च ८,०४० होतो आणि हातात ११,९६० राहतात, पेरणीपर्यंतच्या घरखर्चाला. वरचे तीन थर कापूस विकल्यावर.

तुरीचे कट्टे फळीवर ठेवायचे लिहिलं आहे, ते नको. एका खणात तीन कट्टे म्हणजे दीड क्विंटल. उरलेल्या फाट्यांची ४ इंच उंच घडवंची करा आणि कट्टे भिंतीपासून वीतभर लांब रचा.

बांधावरचे दोन साग तोडायचा विचारही सोडा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित आहे, परवानगी लागते. आणि ओल्या लाकडाची फळी एप्रिल-मेच्या उन्हात चिरते.

शेवटी तेल. जवसाचं खायचं तेल लाकडावर महिनाभर चिकट राहतं, पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या. पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते, उन्हाळ्यात तर जास्तच. त्या पाण्यात भिजवा किंवा तारेवर सुट्या वाळत घाला.