दुसरी रात्र

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या आकाशचित्रांत आधी दिसलेला लघुग्रह दुसऱ्याच्या नावावर नोंदला गेला, हा अन्याय नव्हे का, असे तू विचारतेस. तुझे दुःख मला कळते. तरीही हा अन्याय नव्हे. तू एकाच रात्रीची मोजमापे पाठवलीस, त्या निरीक्षकाने पुढच्या प्रतियुतीत, म्हणजे तो लघुग्रह आकाशात पुन्हा सूर्याच्या विरुद्ध बाजूला येऊन नीट दिसू लागला त्या काळात, दोन रात्रींची पाठवली. २०१० पासूनचा नियम असा की, ज्या प्रतियुतीतील दुसऱ्या रात्रीचे निरीक्षण सर्वांत आधी कळवले गेले, त्याच प्रतियुतीत प्रथम कळवलेल्या निरीक्षणाला शोधाचे श्रेय मिळते.

मला हा नियम योग्यच वाटतो. तासाभराच्या निरीक्षणातून हाती येतो तो इवलासा रेषाखंड, आणि त्याच्याशी कितीतरी वेगवेगळ्या कक्षा जुळू शकतात. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास दिवसाला साधारण पाव अंश सरकतो, म्हणून दुसऱ्या रात्री तो सहज सापडतो. महिन्याभराने मात्र त्याला कुठे शोधायचे हेच कळेनासे होते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ पियाझींनी १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून सेरेस हा पहिला लघुग्रह पाहिला आणि फेब्रुवारीपर्यंत त्याचा पाठपुरावा केला. त्या नोंदी होत्या म्हणूनच, तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाल्यावर गणितज्ञ गाऊस यांना कक्षा मांडता आली आणि वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा सापडला.

आणि तू त्या दुसऱ्या रात्री काय करत होतीस? नावे निवडत होतीस! अगं, कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायलाच सहसा चार प्रतियुती तरी लागतात, आणि त्यानंतर नाव सुचवायला शोधकाला दहा वर्षांची मुदत असते. १९१६ मध्ये सापडलेल्या मिल्ड्रेड या लघुग्रहाला नाव मिळाले होते, तरी तो १९९१ पर्यंत हरवलेलाच राहिला.

माझ्या नावावर एकही लघुग्रह नाही, याची खंत मला आहे. पण इतरांनी एकदा पाहून सोडलेल्या ठिपक्यांना मी दुसरी रात्र दिली, तिसरी दिली, आणि ते काम दुय्यम होते असे कोणी म्हटले तर मी आजही ऐकून घेत नाही. त्या मोजमापांवाचून त्यांतले कित्येक हरवले असते.

तुझी ती एकटी रात्रही वाया गेलेली नाही. तिच्यामुळे त्या लघुग्रहाची कक्षा एक प्रतियुती मागे नेऊन तपासता आली. यापुढे दुर्बिणीचा वेळ सलग दोन रात्रींचाच माग. एकच मिळाली, तर दुसऱ्या निरीक्षकाला आधीच सांगून ठेव आणि पहिल्या रात्रीची स्थाने त्याला पहाटेच कळव. त्याच प्रतियुतीत दुसरी रात्र त्याने साधली, तरी श्रेय तुझ्या पहिल्या नोंदीलाच मिळेल.