अंत्ययात्रेबरोबरच्या गाड्यांना सिग्नल माफ असतो का? अशा गाड्यांत सुरक्षेसाठी काय काय ठेवावं?

नसतो. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आमच्याकडे सगळे म्हणतात, प्रेताच्या गाडीला आणि तिच्यामागच्या गाड्यांना कोणी अडवत नाही.’ हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की आता लांबण लागणार.

कायद्याचं आधी उरकतो. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हा रुग्णवाहिकेला आणि अग्निशामक गाडीला वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड आला. त्या कलमात शववाहिनीचं नाव नाही. सायरन आणि फिरत्या दिव्यांचंही तेच. (जुन्या रुग्णवाहिकेची शववाहिनी केलेली असते, सायरन तसाच राहिलेला असतो आणि ड्रायव्हर सवयीनं वाजवतो. वाजवतो म्हणून ते कायदेशीर होत नाही.) सवलती आहेत त्या वेगळ्याच. प्रेत आणि सोबतची माणसं नेण्यासाठीच जी गाडी वापरतात तिला कलम ६६ मधलं परमिट लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल २००८ च्या नियमांनुसार शववाहिनीला माफ आहे. मुंबईसारख्या शहरांत पोलीस जमावबंदीचा आदेश काढतात, त्यात लग्न आणि अंत्ययात्रा वगळलेल्या असतात. ‘अंत्ययात्रेला सूट असते’ हे लोकांनी कुठून उचललं असेल तर बहुतेक इथून. पण ती सूट जमावबंदीतून आहे, लाल दिव्यातून नाही.

आता टोलमाफी. वाचायला चांगली वाटते, पण आमचा घात तिथूनच सुरू झाला.

२०१९ चा जुलै. आप्पा, म्हणजे माझे वडील, पुण्यात पहाटे गेले. गावी न्यायचं ठरलं. गाव पुणे-सातारा रस्त्यावरच्या पाचवडपासून थोडं आत, म्हणजे नव्वदएक किलोमीटर. पुढे शववाहिनी. तीत आप्पा, मागच्या बाकड्यावर नाना म्हणजे माझे चुलते आणि दोन भाऊबंद, पुढे ड्रायव्हरशेजारी मी. मागे पाच गाड्या. पहिली दाजींची, तिच्यात ताई आणि आई.

निघताना दाजींनी सगळ्यांना जमवून सांगितलं, ‘साखळी तुटू द्यायची नाही. सगळ्यांनी पार्किंग लाईट लावा.’ मी एसटीच्या कार्यशाळेत वीस वर्षं काढलेली, वायरिंगच करतो. म्हटलं, दाजी, चारी लाईट चालू असले की इंडिकेटर कळत नाही. ते म्हणाले, ‘आज तरी शिकवू नकोस.’ सकाळी सहाला, बाप गेलेला असताना, मेहुण्याशी कोण वाद घालणार? गप्प बसलो.

नवले पुलाच्या अलीकडे शववाहिनी हिरव्यावर गेली, दाजी लालवर आले, त्यांच्यामागचेही आले. (तेराव्याच्या जेवणाला पंगत बसलेली असताना दाजींच्या मोबाईलवर त्याचं चलन आलं. मी हसलो नाही, हे माझ्या नावावर पुण्य म्हणून लिहून ठेवा.) मग खेड शिवापूरचा टोल. आमच्या गाडीला टोल माफ, ती कडेच्या लेनमधून सुटली. मागच्या पाचांना रोखीची रांग. तेव्हा फास्टॅग सगळ्यांकडे नव्हता. सुट्टे नाहीत, पावती द्या, पावती नको. आम्ही तोवर तीन-चार किलोमीटर पुढे.

तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं मला इथे दिसतं. प्रेताची गाडी साठ-सत्तरनं चाललेली असते, तिच्यामुळे कोणी मरत नाही. मागे राहिलेला जो तिला गाठायला शंभर-एकशेवीसनं सुटतो, तो माणसं मारतो. दाजींनी आम्हाला शिरवळच्या पुढे गाठलं. नंतर खंबाटकी घाटात पाऊस आणि ढग इतके उतरलेले, की पुढच्या ट्रकची फळी दिसत नव्हती. त्या पावसात आमच्यामागे पाच गाड्या टिकटिक टिकटिक करत चढत होत्या. उभी कोणती, चालती कोणती, ब्रेक कोणी मारला, काही कळायला मार्ग नाही. घाट कसा पार पडला देव जाणे.

पाचवडला सेवा रस्त्याला लागण्यासाठी आमच्या ड्रायव्हरनं आधीच डावी लेन धरली, इंडिकेटर दिला आणि सावकाश उतरला. मी आरशात बघत होतो. दाजी मधल्या लेनमध्ये. आम्ही उतरलेलो त्यांना उशिरा दिसलं असावं. त्यांनी डावीकडे इंडिकेटरची दांडी टाकली, पण चारी दिवे आधीच लुकलुकत होते, मागच्याला काय दिसणार? आपल्याकडे कितीतरी ड्रायव्हरांची समजूत आहे की चारी दिवे म्हणजे गाडी सरळ जाणार. डाव्या लेनमधून दुधाचे कॅन घेतलेला पिकअप आपल्या वेगानं सरळ येत होता. दाजींनी आडवी घातली आणि तो डाव्या मागच्या दारावर बसला.

त्या दाराशी आई होती.

डावं मनगट आणि खांद्याजवळचं हाड. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. (मागच्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, नियम जुना आहे. तुमच्या घरात किती जण लावतात ते बघा.) ताईला खरचटलंही नाही. आईला घेऊन ते दवाखान्यात, आणि मी आप्पांना घेऊन गावात. अंगणात दोनशे माणूस. बायका विचारतात, वहिनी कुठंय? बाराचा विधी चारवर गेला. आई आली तेव्हा हात गळ्यात. त्या हातातल्या बांगड्या दवाखान्यात कटरनं कापलेल्या, उजव्या हातातल्या तशाच होत्या.

आता तुम्ही विचारलेल्या साधनांकडे येतो. खरं तर ताफा करूच नका. प्रत्येक गाडीत एकाला तरी रस्ता माहीत असावा आणि भेटायची जागा ठरलेली असावी: अमुक फाटा, तमुक पंप. सगळे तिथे जमले की तिथून गावात हळू, एकामागून एक. पार्किंग लाईट उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला हेडलाईट लो वर ठेवा, दिवसाही. तेवढं पुरतं.

शववाहिनीत चढण्याआधी ड्रायव्हरला एकच विचारा, स्ट्रेचर लॉक आहे का? बऱ्याच गाड्यांत लॉक मोडलेला असतो आणि सुतळीनं बांधलेलं असतं. जोरात ब्रेक लागला की ते घसरून बाकड्यावरच्यांच्या गुडघ्यांवर येतं. बाकड्यावर दोघं-तिघं पुरेत. आठ-आठ जण कोंबून बसतात आणि त्यांना धरायला कडीसुद्धा नसते. शेवटच्या गाडीत लाल त्रिकोण, दोन रिफ्लेक्टर जाकिटं, चांगली टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी. त्रिकोण नव्या गाडीबरोबर येतोच, डिकीत स्टेपनीखाली दबलेला असतो, तो आदल्या दिवशी काढून ठेवा. आदला दिवस कसला, मयत काय सांगून होते? म्हणजे आजच काढून ठेवा. गाडी बंद पडली तर त्रिकोण गाडीला टेकवून ठेवू नका, मागे निदान पन्नास-साठ पावलं चालत जाऊन ठेवा.

आणि विस्तवाचं मडकं गाडीत घेऊ नका, मग स्मशानघाट दोन किलोमीटरवर का असेना. त्याच गाडीत तुपाचा डबा, कापूर आणि पुष्कळदा रॉकेलचा कॅनही असतो. मोठी माणसं रागावतील, ‘घरचा अग्नी हवा’ म्हणतील. मडकं दुचाकीवर मागे बसलेल्याच्या हातात देणं हाही उपाय नव्हे, तेही मी पाहिलंय. ज्याच्या हाती मडकं आहे त्यानं चालावं. घाट फार लांब असेल तर तिथेच पेटवायचं.

टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माणसं नेणं हा तर आपला जिल्हाव्यापी धर्मच आहे. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीकडून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगून टाकलंय. ट्रॉलीला तर मागचा दिवासुद्धा नसतो. न्यायचीच असतील तर मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि अंधाराच्या आत परत आणा. हा सल्ला बेकायदा गोष्टीला मदत करणारा आहे, कळतंय मला.

पायी अंत्ययात्रेबद्दल थोडंच लिहितो, कारण तुमचा प्रश्न गाड्यांचा आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत होतं की मिरवणुकीजवळून जाताना गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको. पण ते पायी चालणाऱ्यांसाठी. महामार्गावर ऐंशीनं पळणाऱ्या पाच गाड्यांची मिरवणूक होत नाही. संध्याकाळची यात्रा असेल तर पुढे एक, मागे एक, जाकीट घातलेला माणूस ठेवा. महामार्ग ओलांडायचा असेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवा. बहुतेक वेळा एक हवालदार मिळतो.

दाजींचा मुलगा फ्लोरिडात असतो. त्यानं तिथल्या अंत्ययात्रेचा व्हिडिओ पाठवला आणि दाजींना कोण आनंद. सगळ्या गाड्या दिवे लावून सलग चाललेल्या, पुढच्या गाडीवर जांभळा दिवा, बाकीचे थांबलेले. ‘बघ, सुधारलेल्या देशात साखळीच असते!’ मी त्याच भाच्याकडून नियम विचारून घेतला. तिथे पुढच्या गाडीला सिग्नल पाळावाच लागतो. ती हिरव्यावर चौकात शिरली की मागच्यांना सलग जाता येतं, तेही जपून, आणि रुग्णवाहिका आली तर तिला वाट द्यावी लागते. शिवाय हे तिथल्या कायद्यात लिहिलेलं आहे, त्यामुळे आडव्या रस्त्यावरच्याला ते ठाऊक असतं. आपल्या नवले पुलावरच्या डंपरवाल्याला दाजींच्या मनातला कायदा कसा ठाऊक असणार? यावर दाजी म्हणाले, ‘आप्पांनीच वाचवलं आपल्याला त्या दिवशी.’ मग आईचा हात कोणी मोडला, हे मी विचारलं नाही. ताई समोर होती.

मी वकील नाही. दंडाच्या रकमा बदलत असतात, परिवहन कार्यालयात विचारून घ्या. आणि सगळा दोष दाजींच्या माथी मारतोय असं वाटत असेल, तर अर्धा माझा आहे. सकाळी सहाला मी गप्प बसलो, तो एक भाग. दुसरा असा, की पिकअपवाला पोरगा होता, पंचवीसचाही नसेल. आईला दवाखान्यात त्यानंच आधार देऊन नेलं. भाऊबंदांनी तिथेच त्याला घेरलं, प्रेताच्या गाड्यांत घुसला म्हणून. दोन दिवसांनी दाजींनी त्याला बोलावून दाराचे बारा हजार घेतले. नाना मध्यस्थ होते. मलाही विचारलं, तू तर पुढे होतास, तुला काय दिसलं? मी म्हणालो, पाऊस होता, नीट दिसलं नाही.

पाचवडला पाऊस नव्हता. तो घाटात होता.