कोबेचं घर भूजला जाताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. प्रबंधासाठी तू जपानी वास्तुविशारद शिगेरू बान निवडलेस, फार आनंद झाला. आराखड्यात मात्र फ्रान्समधल्या पाँपिदू-मेत्झ या कलासंग्रहालयाचं लाकडी छत आणि वास्तुकलेतला मानाचा २०१४चा प्रित्झकर पुरस्कार यांनीच निम्मी पानं घेतली आहेत. छत देखणं आहेच, पण त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. तू जपानमधल्या कोबे शहराच्या १९९५च्या भूकंपापासून सुरुवात कर.

भूकंपानंतर तिथली काही व्हिएतनामी कुटुंबं उद्यानात ताडपत्रीखाली दिवस काढत होती. बान यांनी त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या नळ्यांची घरं आखली आणि स्वयंसेवकांनी ती उभारली. पायाला वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट, नळ्यांच्या भिंती, वर तंबूचं कापड. ही ऐनवेळची युक्ती नव्हती, हे ठळकपणे लिही. या नळ्या ते १९८६पासून हाताळत होते. आधीची ती वर्षं नसती, तर संकटाच्या वेळी हाताशी काहीच नसतं.

आता २००१च्या भूकंपानंतरचं भूज, जिथे बान यांनी हेच घर पुन्हा उभारलं. तिथे बिअरचे क्रेट मिळेनात, म्हणून पडलेल्या इमारतींचा राडारोडा जोत्यात भरला आणि वर तिथल्या रीतीची मातीची जमीन केली. तंबूचं कापडही गेलं. आढ्याला अखंड बांबू, कमानींना चिरलेला बांबू, त्यावर तिथेच विणलेली वेताची चटई, मग प्लास्टिकची ताडपत्री आणि पुन्हा चटई. छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणांतही चटईच, तिच्या बारीक भोकांतून हवा खेळती राहते. त्यामुळे आत चूल पेटवता येई आणि धुरानं डासही पळत. मला त्यांच्या सगळ्या कामांत हा त्रिकोण सर्वांत जास्त आवडतो. राहणारी बाई स्वयंपाक कुठे करणार, याचा विचार त्यात दिसतो.

म्हणून प्रबंधाचं ‘कागदाचा वास्तुविशारद’ हे शीर्षक बदल. भूजच्या घरात चटई, बांबू आणि राडारोडा यांचा वाटा पुठ्ठ्याएवढाच आहे.

बान यांचं कोबेतलं ताकातोरीचं कागदी चर्चही घे. ५८ नळ्यांची ती तात्पुरती वास्तू दहा वर्षं टिकली, नंतर सुटी करून तैवानला नेली आणि तिथे पुन्हा उभी केली. ‘तात्पुरतं’ म्हणजे किती काळ आणि ते कोण ठरवतं, हे प्रकरण इथेच येऊ दे.

आधी दोन्ही घरांचे छेद, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसेल तशी रेखाटनं, एकाच मापात, शेजारी शेजारी काढ. जिथे बदल झाला तिथे कारण लिही. छायाचित्रं नकोत, हातानं काढ. ते छेद मला पाठव, मजकूर त्यानंतर बघू.

तुझे सर